हवेशी भांडण

मी कळमनुरीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. निवृत्तीला आता थोडी वर्षं राहिली. एवढ्या नोकरीत सातवी-आठवीच्या पोरांना हवेचा दाब मी इतक्यांदा शिकवलाय, की पुस्तक उघडायची गरज पडत नाही. ग्लास पाण्याने काठोकाठ भरायचा, वर पोस्टकार्ड ठेवायचं आणि ग्लास उलटा धरायचा. पाणी सांडत नाही. पोरं तोंड उघडं ठेवून बघतात आणि मी असा उभा राहतो, जशी काय हवा मीच धरून ठेवलीय. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे याच हवेच्या दाबाने माझी जी फजिती केली, तिला अज्ञानाची सबब चालणार नाही.

मी घोरतो हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. घोरणारा माणूस निवांत झोपतो, त्याच्या मनात पाप नसतं, असं माझं मत होतं. ते मी बायकोला, पोरींना आणि मागितलं नसताना स्टाफरूममध्येही ऐकवलेलं होतं. सकाळी उठलो की डोकं जड असायचं, ते मी चष्म्याच्या नंबरावर ढकलायचो. चिडचिड व्हायची, ती शाळेच्या ऑनलाइन माहित्या भरण्यावर. दुपारच्या तासाला डुलक्या यायच्या, त्या भाकरीवर. एकदा आठवीच्या वर्गात मी प्रश्न विचारला आणि उत्तर यायच्या आत खुर्चीतच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी अजून उभीच होती. म्हणाली, "सर, उत्तर सांगून झालं." मी म्हणालो, पुन्हा एकदा सांग, मागच्यांना ऐकू गेलं नाही. मागच्यांना सगळं ऐकू गेलं होतं. माझं घोरणंसुद्धा.

तरी मी डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो तो सोयाबीनमुळे.

डोंगरकड्याला बायकोच्या मावसभावाकडे साखरपुडा होता. जेवण करून आम्ही दोघं दुपारी मोटारसायकलवर परत निघालो. ऊन होतं, पण वारा बरा होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलेलं. मी कधीच वेगात गाडी चालवत नाही, आणि तेच आम्हाला वाचवणारं ठरलं. एका ठिकाणी रस्ता उजवीकडे वळला, मी वळलो नाही. गाडी सरळ उतरली, बांध ओलांडला, शेतात पंधरा-वीस पावलं गेली आणि आडवी झाली. मला कोपराला खरचटलं. बायको माझ्या मागे सोयाबीनमध्ये बसलेली होती. नवी साडी आणि केसांत शेंगा.

शेतवाला आणि त्याची बायको धावत आले. गाडी उचलायला त्यानेच मदत केली. नुकसानीबद्दल काही बोलला नाही, उलट पाणी दिलं आणि विचारलं, "डुलकी लागली व्हय सर?" मी म्हणालो, कुत्रं आडवं आलं.

बायको उठली, साडी झटकली आणि त्याला म्हणाली, "कुत्रं बित्रं न्हाई भाऊ. हे झोपले होते. माझा हात यांच्या खांद्यावर होता, खांदा ढिला पडला ते मला कळलं." मग माझ्याकडे वळून सावकाश म्हणाली, "मी जीपनं जाते. तुमी या मागून. गाडी ढकलत आणली तरी चालतंय."

ती रस्त्यावर गेली आणि हात करून तिने जीप थांबवली. मी मोटारसायकलवर त्या जीपच्या मागे मागे कळमनुरीपर्यंत आलो. ती जीपमध्ये मागच्या बाजूला तोंड करून बसली होती आणि सगळा रस्ता माझ्या डोळ्यांकडे बघत होती, मिटले की ओरडायला.

दुसऱ्या दिवशी मला विचारलं नाही, सांगितलं गेलं. नांदेडला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. मी त्यांना माझं सगळं नीट मुद्देसूद सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, झोपेत काय होतं ते तुम्हाला ठाऊक नसणार, मॅडमना सांगू द्या. बायको म्हणाली, घोरता घोरता मधेच आवाज बंद होतो. श्वास बंद होतो. मी मनात आकडे मोजते. वीस होतात, कधी तीस. मग एकदम दचकून श्वास घेतात आणि पुन्हा सुरू.

डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून मोजता?

"धाकटी बारावीला होती, तवापासून."

धाकटी आता नोकरीला लागून तीन वर्षं झालीत. म्हणजे एवढी वर्षं ही बाई माझ्या शेजारी आकडे मोजत पडलेली होती आणि मी तिला दुपारी झोपते म्हणून टोमणे मारत होतो. मी डॉक्टरांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसलो.

घरी न्यायला एक लहानसं यंत्र दिलं. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली नळी. ते बांधून एक रात्र झोपायचं. अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात आणि हवेची वाट बंद होते. मेंदू घाबरून तुम्हाला अर्धवट उठवतो, वाट उघडते, पुन्हा झोप, पुन्हा बंद. रात्रभर हाच खेळ. तुम्ही झोपताच कुठे? उपाय म्हणजे एक मशीन. ते मास्कमधून हवा सोडतं आणि त्या हवेच्या दाबाने वाट उघडी राहते. शेवटी ते हसून म्हणाले, विज्ञानाच्या शिक्षकाला दाब काय समजवायचा? या वाक्याने मी फुगलो आणि तिथूनच माझं बिघडलं.

मशीन घेऊन नांदेडहून एक मॅडम घरी आल्या. त्यांचं कामच ते होतं, घरोघर जाऊन मशीन लावून देणं. त्यांनी उशाजवळच्या स्टुलावर मशीन ठेवलं, नळी जोडली, नाकावरचा मास्क माझ्या चेहऱ्याला बसवून दाखवला आणि समजावू लागल्या. मुख्य दाब डॉक्टरांनी ठरवलाय, तो कुलुपात आहे, त्याला हात लावायचा नाही. तुमच्या हातात फक्त आरामाच्या सेटिंगा आहेत. रॅम्प म्हणजे सुरुवातीला हवा कमी दाबाने सोडायची आणि मग हळूहळू वाढवायची. दुसरी, श्वास सोडताना दाब थोडा कमी करायची सवलत. तिसरी ह्युमिडिटी, हवेला किती ओलावा द्यायचा ते. चौथी, मास्क कोणत्या प्रकारचा आहे ते मशीनला सांगायचं. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, मास्क रोज धुवा. त्या अर्धा तास बोलत होत्या. मी अर्धा तास मान डोलावत होतो. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मॅडमनी विचारलं, काही शंका? मी म्हणालो, मी विज्ञान शिकवतो. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, बायकोकडे एकदा बघितलं, आणि नंबर बायकोच्या मोबाइलमध्ये टाकून दिला.

पुढचा महिना मी काय काय केलं ते आता क्रमाने सांगतो. क्रम तेव्हा नव्हता.

रॅम्पचा विचार मी असा केला की कमी दाब म्हणजे आराम. तर आराम जास्तीत जास्त का घेऊ नये? मी रॅम्प पाऊण तासावर नेऊन ठेवला. मास्क लावला, आडवा झालो, आणि दोन मिनिटांत जीव घाबरा झाला. हवा आहे पण पुरत नाही, असं काहीतरी. बंद खोलीच्या फटीतून श्वास घेतल्यासारखं. मास्क ओढून काढला. म्हणजे रॅम्प वाईट, असा निष्कर्ष काढून मी तो पार बंद केला. आता मशीन सुरू होताच पूर्ण दाबाने हवा नाकात घुसली. एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं की जसं होतं तसं, फक्त इथे एसटी थांबत नव्हती. तोंड उघडलं तर हवा तोंडातून बाहेर. बायको म्हणाली, तुमचे गाल फडफडून राहिले.

श्वास सोडतानाच्या सवलतीचं तर मी नावच मनात धरलं. सवलत हा शब्द मी आजवर एसटीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या अर्ध्या तिकिटाशीच जोडलेला होता, आणि मी अजून तेवढ्या वयाचा नाही. त्यात एक, दोन, तीन असे आकडे होते. मी शून्यावर टाकली. म्हणजे आत येणाऱ्या पूर्ण दाबाच्या विरुद्ध मी दर श्वासाला जोर लावून हवा बाहेर ढकलत होतो. सकाळी बरगड्या दुखायच्या. मी बायकोला सांगितलं, मशीनने छातीचा व्यायाम होतो, चांगलंय.

मास्कचा प्रकार विचारला तेव्हा यादीत नाकाचा, नाकपुड्यांत बसणाऱ्या रबरी उशांचा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल असे पर्याय होते. माझा मास्क नाकाचा होता, हे मला आरशात दिसत होतं. तरी मी फुल निवडला. परीक्षेत फुल मार्क चांगले असतात, याखेरीज या निवडीला दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

ह्युमिडिटीचं डिसेंबरात झालं. नाक कोरडं पडायला लागलं म्हणून मी ओलावा एकदम वरच्या टोकाला नेला. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे चांगलीच थंडी पडते. गरम दमट हवा थंड नळीत शिरली की तिचं पाणी होणार. संघनन. हा धडा मी पोस्टकार्डाच्या प्रयोगानंतर लगेच शिकवतो. पहाटे नळीत गुडगुड सुरू झाली आणि थंड पाण्याचा घोट माझ्या नाकात आला. मी ठसकत उठून बसलो. बायकोने लाइट लावला, टॉवेल दिला आणि पुन्हा झोपली. शिवाय टाकीत मी डिस्टिल्ड वॉटर न घालता बोअरचं पाणी उकळून घालत होतो, कारण उकळलेलं पाणी शुद्ध असतं. जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. पंधरा दिवसांत टाकीच्या तळाला चहाच्या पातेल्याला बसतो तसा पांढरा थर बसला.

हे सगळं मी वहीत लिहीत होतो, ग्राफपेपरसुद्धा लावला होता. रोज संध्याकाळी चारही सेटिंगा बदलायच्या आणि सकाळी त्रास किती झाला त्याचा आलेख काढायचा. आलेख जमिनीच्या सर्व्हेच्या नकाशासारखा दिसायला लागला. त्यातून काहीच निघत नव्हतं आणि का निघत नाही हे मला कळत नव्हतं.

शेवटी मी तो मार्ग पत्करला, ज्यासाठी मी आयुष्यभर पोरांच्या उत्तरपत्रिका काढून घेतल्यात. बायको झोपली की मास्क काढायचा, मशीन तसंच चालू ठेवायचं आणि मास्क लोडाला बांधून कुशीवर वळायचं. सकाळी पडद्यावर सात तास वापर दिसायचा. बायकोला तो आकडा दाखवून मी चहा प्यायचो. तिला संशय होता, कारण घोरणं तसंच होतं, पण मी म्हणायचो, मशीन हळूहळू गुण देतं.

मशीन रोज आपली माहिती मोबाइलच्या नेटवर्कवरून नांदेडला पाठवतं, हे मॅडमनी त्या अर्ध्या तासात सांगितलेलं होतं. मी मान डोलावली होती. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. अगदी नम्र बोलल्या. "सर, वापर सात तास दिसतोय, पण हवेची गळती फार आहे आणि श्वासच सापडत नाहीत. मास्क चेहऱ्यावर असतो ना?" मी म्हणालो, असतो. त्यांनी गळतीचा आकडा पुन्हा वाचून दाखवला. मग म्हणाल्या, "काही पेशंट मास्क उशीला लावून ठेवतात, म्हणून विचारलं. त्यांना रागवायचं नसतं, त्यांना कुठं त्रास होतो ते विचारायचं असतं." स्टाफरूममध्ये मी फोन कानाला लावून उभा होतो. परीक्षेत कॉपी पकडणाऱ्या पथकात मी अनेक वर्षं होतो. कॉपी सापडलेल्या पोराचं तोंड कसं होतं ते मला बाहेरून माहीत होतं, त्या दिवशी आतून कळलं. मी त्यांना म्हणालो, लोड आहे, उशी नाही. हसल्या नाहीत, त्याबद्दल त्यांचे उपकार.

घरी आलो तर फोन बायकोलाही आलेला होता. ती भांडली नाही. तिने लोड उचलला आणि म्हणाली, हा तसाही पिंजायला टाकायचाच होता. आणि तो घेऊन बाजारातल्या गादीवाल्या चाचांच्या दुकानात गेली.

हे चाचा म्हणजे आमच्या गावातले जुने गादीवाले. त्यांचे वडील हाताने कापूस पिंजायचे, चाचांनी पिंजायचं मशीन आणलं. आमच्या घरातली झाडून सगळी गादी-उशी त्यांच्या हातची आहे. त्यांची दोन्ही मुलं माझ्याकडे शिकली. बायकोने त्यांना लोड देताना सगळी हकीकत सांगून टाकली असणार, कारण दुसऱ्या दिवशी शुक्रवारची नमाज झाल्यावर चाचा घरी आले. हातात कापडाची एक लांबट सुरळी होती. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सर, तुमच्यावाणी मशीन माझ्याकडंबी हाय. दोन साल झाले."

मला खरं वाटेना. दोन वर्षं मी त्यांच्या दुकानावरून रोज जातो, कधी बोलले नाहीत. ते म्हणाले, कुणाला सांगायचं? गादी बनवणाऱ्यालाच झोप येत नाही म्हटलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

त्यांनी मशीन बघितलं. पडद्यावरच्या सेटिंगा एकेक करून बघितल्या. वाचताना चष्मा पुढे-मागे करत होते. मग मला विचारलं, लोडाला बांधायच्या आधी शेवटच्या रात्री काय बदललं होतं?

मी म्हणालो, चारही.

"आन् त्याच्या आदल्या रात्री?"

"चारही."

चाचांनी चष्मा काढला. "सर, माझ्या पोराला तुमीच शिकवलं ना? घरी येऊन सांगायचा, सर म्हणतात प्रयोगात एक टाइमाला एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. न्हाई तर कशानं काय झालं ते कळत न्हाई. मी मशीन लावायला घेतलं तवा त्यानंच मला तसं करायला लावलं. आन् तुमी काहून चारी बदलून राहिले?"

मी वहीकडे बघितलं. ग्राफपेपर तिथेच पडलेला होता. बायको स्वयंपाकघरात होती, पण भांड्यांचा आवाज थांबलेला होता.

"तुमी हवेशी भांडून राहिले," चाचा म्हणाले. "तिला येऊ द्या बराबर."

मग त्यांनी मला कामाला लावलं. आधी पट्टा. मास्कमधून हवा गळते म्हणून मी तो इतका आवळला होता की गालावर दिवसभर वळ राहायचे. पोरं विचारायची, सर, हेल्मेट नवीन घेतलं का? चाचा म्हणाले, आवळला की रबराला घडी पडते आणि घडीतूनच हवा जाते. त्यांनी मला आडवं केलं, कारण झोपल्यावर गाल बदलतात, पट्टा ढिला केला, मास्क थोडा वर उचलून पुन्हा टेकवला. गळती थांबली. दोन मिनिटांचं काम. मी महिनाभर चेहऱ्याला फास लावून घेत होतो.

मग त्यांनी माझ्याच मोबाइलवरून मॅडमना फोन लावला. मास्कचा प्रकार नाकाचा करून घेतला. रॅम्पला जीव घाबरतो हे मी सांगितलं, म्हणजे चाचांनी सांगायला लावलं. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीचा दाब तुम्हाला फार कमी पडत असेल, तो माझ्या हातात आहे, डॉक्टरांना विचारून वाढवते. तुम्ही रॅम्प पंधरा मिनिटांवर ठेवा आणि आठवडाभर दुसरं काही हलवू नका. हे मॅडम महिन्यापूर्वीच सांगायला तयार होत्या. मीच सांगू दिलं नव्हतं.

त्या आठवड्यात चाचांनी मला आणखी एक शिक्षा दिली. रोज संध्याकाळी अर्धा तास मास्क लावून, जागा राहून, खुर्चीत बसायचं. पेपर वाचा, टीव्ही बघा, पण मास्क काढायचा नाही. नाकाला सवय होऊ द्या, मग डोळ्याचं बघू. मी नाकावर मास्क आणि नळी लावून बातम्या बघत बसलो असताना शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. आजवर पाहुणे आले की मी मशीनवर टॉवेल टाकायचो, एकाला तर ते पाण्याचं फिल्टर आहे असंही सांगितलं होतं. त्या दिवशी टॉवेल लांब होता. वहिनी दारातच थबकल्या. बायकोने त्यांना सांगितलं, यांचं झोपेचं मशीन आहे, बसा. त्या बसल्या, थोडा वेळ माझ्यासोबत बातम्या बघितल्या आणि विरजण घेऊन गेल्या. एवढंच झालं. याच एका क्षणाला मी महिनाभर घाबरत होतो.

दुसऱ्या आठवड्यात सवलत. चाचांनी ती तीनवर टाकायला लावली. मी श्वास सोडला आणि हवा जराशी मागे सरकली, दारात समोरून येणारा माणूस वाट द्यायला बाजूला होतो तशी. छातीला जोर लागेना. मी पुन्हा सोडून बघितला. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही. सवलत घेतली.

तिसऱ्या आठवड्यात ओलावा. वरच्या टोकावरून मधे आणला. चाचांनी आणलेली ती सुरळी म्हणजे नळीसाठी त्यांनी शिवलेली गवसणी होती, आत कापसाचा पातळ थर घातलेली. नळी उबदार राहिली की आत पाणी जमत नाही. मशीनही स्टुलावरून काढून पलंगापेक्षा खाली पाटावर ठेवलं, म्हणजे चुकून पाणी झालंच तर उलटं टाकीत जाईल, नाकात येणार नाही. टाकी व्हिनेगरने घासून घेतली. हे सगळं करताना ते मला काही विज्ञान म्हणून सांगत नव्हते, पण मला आतून एकेक धडा ऐकू येत होता, माझ्याच आवाजात.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला जमायला किती दिवस लागले? ते म्हणाले, तीन महिने. पहिले दोन महिने तर मशीन पेटीतच होतं. मोठ्या मुलाला सांगितलं होतं की वापरतो. मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

ज्या सकाळी मला उजाडल्यावर जाग आली, मधे एकदाही न उठता, ती जानेवारीतली सकाळ होती. मास्क चेहऱ्यावरच होता. डोकं रिकामं होतं, म्हणजे चांगल्या अर्थाने. मी उठून बसलो आणि मला प्रश्न पडला की लोकांना रोज असंच वाटतं की काय? आणि वाटत असेल तर ते त्याबद्दल बोलत का नाहीत?

बायको मात्र जागीच होती. डोळे लाल. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, झोप आली नाही. आवाजच नव्हता. एवढ्या वर्षांची सवय. मग तिने सांगितलं, मास्कला पुढे बारीक छिद्रं आहेत, त्यांतून तुमच्या श्वासाची हवा बाहेर येते. तिथं तळहात धरून बघत होते, येते का न्हाई.

"येत होती?"

"व्हय. सारखी येत होती."

मी तिला म्हणालो, आज तू झोप, चहा मी करतो. चहा मी केला, त्यात साखर टाकायची राहिली. ती तसाच प्यायली आणि नऊ वाजेपर्यंत झोपली. पुढे आठवड्याभरात तिलाही शांततेची सवय झाली. दुपारची झोप तिची आपोआप गेली. त्यावर मी काहीही बोललो नाही, हे माझ्या शहाणपणाचं त्या वर्षातलं एकमेव उदाहरण आहे.

गुण आला तशी माझी जुनी खोडही परत आली. आता मी या विषयातला जाणकार झालो होतो. स्टाफरूममध्ये कुणी जांभई दिली की मी खुर्ची जवळ ओढायचो. गणिताचे सर मला बघून जांभई गिळायला लागले. चाचांच्या दुकानात बसून मी गिऱ्हाइकांना रॅम्प समजावायचो, शेवटी चाचाच म्हणाले, सर, ते उशी न्यायला आलेत.

उन्हाळ्यात सेनगावला मामांच्या नातीचं लग्न होतं. मुक्कामाला मशीन सोबत नेलं. सकाळी अंगणातल्या नळावर मी मास्क धूत होतो, तेव्हा मामा बाजेवर चहा पीत बसले होते. मामांचं वय झालंय, घोरणं माझ्यापेक्षा मोठं आणि मधे मधे थांबणारं. त्यांनी विचारलं, हे काय घालून झोपतोस रे? एवढा प्रश्न मला पुरला. मी ओला मास्क हातात धरून सुरू झालो. घशाचे स्नायू, वाट बंद होणं, रॅम्प, सवलत, ओलावा, नळीची गवसणी. मांडवाला हार बांधणारे लोक आमच्या बाजूने जात होते, येत होते, मी थांबलो नाही. मामांचा चहा संपला, बशी कोरडी झाली.

माझं संपल्यावर मामा म्हणाले, "आधी बरं होतं. बोलता बोलता झोपी तरी जायचास."

त्यांची सून बशी न्यायला आली होती. तिने पदर तोंडाला लावला, पण जाताना मला बाजूला बोलावून डॉक्टरांचा पत्ता विचारला. म्हणाली, आमच्या घरात कुणालाच झोप नाही, मामंजींच्या आवाजाने नाही, मधे आवाज बंद होतो त्याच्याने. मी लग्नपत्रिकेच्या मागे पत्ता लिहून दिला. या वेळी फक्त पत्ता, बाकी काही नाही.

मामा आठवडाभर नाही नाही म्हणत राहिले. मग मुलासोबत नांदेडला जायला तयार झाले. त्यांची अट एकच होती, मी सोबत यायचं नाही.